बिनशब्दांची हास्यचित्रे : एका दुर्लक्षित परंपरेचा आढावा

मराठी नियतकालिकांतील हास्यचित्रांचे ढोबळमानाने दोन प्रवाह आहेत. एक राजकारणावर बोट ठेवणारा. दुसरा घर, रस्ता, कचेरी, बसची रांग आणि लग्नाचा मांडव यांतली चक्रम गंमत टिपणारा. पहिल्यावर पुष्कळ लिहिले गेले. दुसरा मराठी कुटुंबांनी दर दिवाळीला हौसेने घरात आणला. समीक्षेने मात्र त्याला उंबऱ्याबाहेरच ठेवले. या दुसऱ्या प्रवाहाचे सर्वांत समृद्ध पर्व पुण्याशी बांधलेले आहे.

आरंभीचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक १९०९ साली निघाला. ‘किर्लोस्कर’ मासिकातून शंकरराव किर्लोस्करांनी संपादकाची लेखणी आणि चित्रकाराचा टाक एकाच हाताने चालवला. ‘टाकांच्या फेकी’ ही हास्यचित्रे त्यांचीच. पण त्या काळच्या बहुतेक चित्रांचा भर उपदेशावर होता. चित्र बोधाच्या मागोमाग चालत असे आणि खाली दोन-चार ओळींचा मजकूर असल्यावाचून वाचकाला काही उमगेल यावर कोणाचा विश्वास नव्हता.

तो विश्वास आला तो अनंत अंतरकरांसारख्या संपादकामुळे. ‘हंस’, ‘मोहिनी’ आणि ‘नवल’ ही त्यांची मासिके. दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ म्हणजे नटीचा चेहरा किंवा पणती घेतलेली सुवासिनी, असा रिवाज पक्का असताना त्यांनी तिथे रंगीत हास्यचित्र छापण्याचे धाडस केले. त्यासाठी त्यांनी शि. द. फडणीस यांना हाताशी धरले. फडणीसांचा जन्म २९ जुलै १९२५ चा, बेळगाव जिल्ह्यातील भोजचा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिक्षण झाले आणि पुढे पुणे हीच त्यांची कर्मभूमी ठरली.

‘मोहिनी’च्या १९५२ च्या दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ या परंपरेचा पाया मानावा लागेल. चित्रात एक तरुणी आणि एक तरुण आहे. तिच्या साडीवर उंदरांची नक्षी, त्याच्या शर्टावर मांजरांची. चित्राखाली अक्षर नाही, कोणी कोणाला टोमणा मारत नाही. साडी आणि शर्ट वेगवेगळे पाहिले तर त्यांत हसण्याजोगे काहीच नाही. नक्षीचे कापड कोणीही घेतो. ते शेजारी आले की मात्र पाहणाऱ्याच्या मनात पाठलाग सुरू होतो. हा पाठलाग कागदावर नाही, तो पाहणारा स्वतः पुरा करतो. वाचायला न येणारे मूल आणि पुस्तकांत मुरलेले आजोबा एकाच क्षणी हसतात ते यामुळे.

फडणीसांच्या पुढील सगळ्या कामाचे सूत्र या एका चित्रात सापडते. प्रसंग अगदी रोजचा घ्यायचा. त्यात एकच गोष्ट अशक्य करायची आणि बाकी सारे तंतोतंत खरे ठेवायचे. साडीच्या निऱ्या, पायातल्या चपला, खांद्यावरची पिशवी, भांड्याचा कान, खुर्चीचा पाय यांत कुचराई चालत नाही. भोवतालचा तपशील खरा असल्याशिवाय ती एक अशक्य गोष्ट पटत नाही. चित्रातली माणसेही आपले काम गंभीरपणे करत असतात. आपण विनोदात सापडलो आहोत याची त्यांना कल्पना नसते. नाके-डोळे वेडीवाकडी करून हशा मिळवण्याची फडणीसांना गरज पडली नाही. सपाट, स्वच्छ रंग आणि बांधेसूद रेषा यांमुळे त्यांचे चित्र स्टॉलवर टांगलेल्या वीस अंकांतूनही लांबून ओळखू येई.

या शिस्तीची खरी कसोटी बालभारतीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकांत लागली. प्राथमिक इयत्तांच्या त्या पुस्तकांसाठी फडणीसांनी चित्रे काढली आणि महाराष्ट्रातल्या खेडोपाडीच्या मुलांना बेरीज-वजाबाकीबरोबर चित्रातला विनोद भेटला. तिथे गंमत आणि अचूकपणा यांत तडजोड चालत नाही. पाच वस्तू मोजायच्या तर पाचच हव्यात, आणि त्या मोजाव्याशा वाटल्या पाहिजेत. ‘हसरी गॅलरी’ या प्रदर्शनाने त्यांची हास्यचित्रे कलादालनाच्या भिंतीवर नेली. ‘चित्रहास’ या कार्यक्रमात त्यांनी ती प्रेक्षकांसमोर उलगडून दाखवली. २९ जुलै २०२५ रोजी त्यांनी वयाची शंभर वर्षे पूर्ण केली.

या चित्रांना ‘निर्विष’, ‘मध्यमवर्गीय’, ‘नुसती करमणूक’ म्हणून मोडीत काढणारे टीकाकार पुष्कळ झाले. चित्राने सत्तेला डंख मारला नाही तर ते व्यंगचित्रच नव्हे, असा त्यांचा दावा. तो टिकणारा नाही. पडलेल्या मंत्रिमंडळावरचे चित्र दहा वर्षांनी तळटीपेवाचून कळत नाही. १९५२ ची उंदीर-मांजरे आजही कळतात आणि मराठी न येणाऱ्यालाही कळतात. माणसाच्या सवयी, हौस आणि हट्ट यांचे निरीक्षण हे सत्तेच्या निरीक्षणापेक्षा कमी प्रतीचे ठरत नाही. शब्द नसलेल्या चित्रात विचार अधिक लागतो, कारण चुकलेली रेषा सावरून घ्यायला खाली ओळ नसते.

समकालीनांत वसंत सरवटे यांची वाट वेगळी. कोल्हापूरचा जन्म, पेशाने अभियंता, वास्तव्य मुंबईत. त्यांची रेषा अधिक चिंतनशील. ‘ललित’ मासिकाची मुखपृष्ठे आणि ‘ठणठणपाळ’ सदराची चित्रे यांतून त्यांनी साहित्यविश्वाचीच फिरकी घेतली. व्यंगचित्राचे शास्त्र मराठीत मांडण्याचे कष्टही त्यांचेच. १९५१ साली निघालेल्या ‘आवाज’ या दिवाळी अंकाने खिडकीचित्रांचा, म्हणजे पानातली खिडकी उघडल्यावर गंमत कळणाऱ्या चित्रांचा, खेळ मांडला, त्यांची लोकप्रियता मोठी, मात्र बऱ्याच चित्रांत युक्ती एकच. ‘मार्मिक’ हे साप्ताहिक १९६० साली निघाले आणि राजकीय प्रवाहाला बळ आले. आर. के. लक्ष्मण यांचा चौकड्यांचा कोट घातलेला सामान्य माणूस दोन्ही प्रवाहांच्या काठावर उभा आहे. त्यांची अखेरची वर्षे पुण्यातच गेली.

मंगेश तेंडुलकरांनी हास्यचित्र पानावरून थेट रस्त्यावर आणले. पुण्याची वाहतूक हा त्यांचा विषय, आणि दिवाळीत नळ स्टॉपच्या चौकात उभे राहून ते वाहनचालकांना आपली शुभेच्छापत्रे स्वतःच्या हाताने देत. नियम पाळा असे सांगणारा फलक कोणी वाचत नाही. हातात पडलेले चित्र सिग्नल सुटेपर्यंत पाहिले जाते. जुलै २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले.

दैनिकात ही परंपरा ‘चिंटू’ने चालवली. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ही मालिका २१ नोव्हेंबर १९९१ रोजी ‘सकाळ’मध्ये सुरू झाली. इथे शब्द आले, पण मोजके. चिंटू, पप्पू, मिनी, राजू, बगळ्या आणि जोशीकाकू यांच्या जगात अभ्यास, क्रिकेट, आईची हाक आणि शेजाऱ्यांची खिडकी यांपलीकडे काही घडत नाही. तेवढ्यावर वर्षानुवर्षे रोज एक नवी कल्पना काढणे ही मोठी कारागिरी आहे. पुणेकरांची एक पिढी वर्तमानपत्र वाचायला शिकली ती याच चौकटींमुळे.

आजचे चित्र उतरणीचे आहे. बऱ्याच दिवाळी अंकांत हास्यचित्र आता कथेच्या शेवटी उरलेली जागा भरायला वापरले जाते. मुखपृष्ठ पुन्हा छायाचित्रांकडे गेले. मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रांत सिनेमातल्या चेहऱ्यावर ओळ चिकटवलेली असते. त्यात हजरजबाबीपणा असतो, निरीक्षण क्वचित. तरुणांत रेषा नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. उणीव आहे ती अंतरकरांसारख्या संपादकाची, ज्याने चित्रकाराला पूर्ण मुखपृष्ठ दिले.

उपाय अवघड नाहीत. दिवाळी अंकाने लेखकाप्रमाणे हास्यचित्रकाराला उन्हाळ्यातच आमंत्रण द्यावे, पूर्ण पान द्यावे आणि अनुक्रमणिकेत त्याचे नाव लेखकांच्या बरोबरीने छापावे. जुन्या अंकांची मुखपृष्ठे साल, चित्रकार आणि अंकाच्या नावासह एकत्र जतन करावीत. आणि साहित्याच्या इतिहासात विनोदी लेखनाला जे प्रकरण मिळते, ते या बिनशब्दांच्या चित्रांनाही मिळावे.