सरडगुहिऱ्याचे पिलू आजारी आहे हे कसे ओळखावे?

परभणी जिल्ह्यातील देवगाव फाटा येथे मंठा, जिंतूर व सेलू या बाजूंचे रस्ते एकत्र येतात. या भागातील शेतांच्या बांधांवर बाभूळ, बोर, निंब अशी झाडे व काटेरी कुंपणे असतात. अशा कुंपणावर एखादे वेळी सरडगुहिऱ्याचे पिलू दृष्टीस पडते. बोटाएवढे हिरवे पिलू, गुंडाळलेली शेपटी आणि दोन दिशांना फिरणारे डोळे पाहून शेतकऱ्याचा मुलगा ते हौसेने घरी आणतो व डब्यात ठेवतो. तो त्याला भाताची शिते घालतो, कोणी दूध पाजण्याचा प्रयत्न करतो. पहिले दोन दिवस पिलू तरतरीत दिसते. पुढे ते स्वस्थ बसू लागते, आणि घरातील मंडळी समजतात की ते माणसाळले. वस्तुतः पुष्कळदा ती आजाराची सुरुवात असते.

येथे एक गोष्ट आरंभीच सांगणे इष्ट आहे. सरडगुहिऱ्यास १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने संरक्षण दिलेले असून त्यास पकडणे, पाळणे अथवा विकणे हा गुन्हा आहे. येमेन व मादागास्कर येथील जाती परदेशांत हौसेने पाळल्या जातात, आणि या प्राण्यांच्या दुखण्यांविषयीची बरीचशी माहिती तेथील पालकांच्या व पशुवैद्यांच्या अनुभवातून मिळालेली आहे. अशा परदेशी जाती आपल्या देशात कोणी बाळगल्यास २०२४ च्या नियमांप्रमाणे त्यांची नोंद करावी लागते. आपल्या बांधावरील जात मात्र पाळावयाची नाही. तरीही चुकून घरात आलेले, मोटारीच्या धक्क्याने जखमी झालेले किंवा कुंपण तोडताना खाली पडलेले पिलू हाती येतेच, आणि ते निरोगी आहे की आजारी हे ओळखता आले तरच पुढे काय करावे ते ठरते.

प्रथम निरोगी पिलू कसे असते ते पाहावे. त्याच्या पुढच्या पायाची तीन बोटे आतल्या व दोन बाहेरच्या बाजूस एकत्र जुळलेली असतात. मागच्या पायाची रचना याच्या उलट असते. या चिमट्यांनी ते फांदी घट्ट पकडते. दिवसा त्याचे डोळे उघडे असून सतत फिरत असतात. जीभ शरीराहूनही लांब जाते व नाकतोडा, माशी असे भक्ष्य अचूक टिपते. शेताच्या दृष्टीने हा प्राणी निरुपद्रवी, किंबहुना उपकारक आहे. तो विषारी नाही. विषारी समजून त्यास दगडाने मारणे किंवा गंमत म्हणून त्याच्या तोंडात तंबाखू घालणे या दोन्ही खोडी सोडल्या पाहिजेत. तंबाखूतील निकोटीन हे त्यास जहरच होय.

आजाराची सर्वांत बोलकी खूण डोळ्यांत दिसते. या प्राण्याच्या बुबुळाभोवती पापणीचा शंकूसारखा उंचवटा असतो. अंगातील पाणी कमी झाले की तो उंचवटा बसतो व डोळा खोल गेल्यासारखा दिसतो. सरडगुहिरा वाटीतील स्थिर पाणी सहसा ओळखत नाही. पानांवरचे दव व पावसाचे थेंब चाटून तो तहान भागवितो. म्हणून पाण्याने भरलेली वाटी शेजारी असूनही डब्यातील पिलू तहानेने मरू शकते. विष्ठेबरोबर पडणारा पांढरा भाग पिवळा किंवा नारिंगी होऊ लागला तर तीही पाणी कमी पडल्याची खूण समजावी. दिवसाढवळ्या डोळे मिटून बसणे हे तर नेहमीच गंभीर लक्षण होय. रात्री डोळे मिटलेले व रंग फिका असणे स्वाभाविक आहे. त्याची काळजी करू नये.

रंगावरून निदान करताना पुष्कळांची फसगत होते. सकाळी अंग गार असता पिलू काळपट होते, कारण गडद रंगाने ऊन अधिक शोषले जाते. भीतीनेही रंग गडद होतो, आणि हाती धरलेले पिलू भ्यालेले असणारच. ऊन मिळून व एकांतात ठेवूनही दिवसभर काळपट रंग कायम राहिला तरच शंका घ्यावी.

दुसरे मोठे दुखणे हाडांचे. अंधाऱ्या खोलीत ठेवलेल्या वाढत्या पिलास सूर्यकिरण मिळत नाहीत, त्यामुळे ड जीवनसत्त्व तयार होत नाही व खाद्यातील चुना हाडांत जिरत नाही. काचेतून आलेले ऊन या कामी निरुपयोगी असते, कारण आवश्यक ते किरण काच अडविते. अशा पिलाचे पाय धनुष्यासारखे वाकतात, खालचा जबडा मऊ पडतो, अंगास कंप सुटतो. चालताना ते पोट फांदीला टेकवून ओढत जाते. त्याची पकड सुटते, पुढे जीभही नीट फेकता येत नाही, आणि समोर किडा असून ते उपाशी राहते. मुडदूस झालेले मूल ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे दुखणे समजावून सांगण्याची गरज नाही.

तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, नाकातोंडाशी चिकट बुडबुडे येणे ही श्वसनाच्या रोगाची लक्षणे होत. कडक उन्हात सापडलेले पिलूही तोंड उघडते. त्यास आधी सावलीत न्यावे व मग पाहावे. जबड्याच्या कडेस सूज किंवा पिवळट पू, बोटांभोवती आवळून राहिलेली जुनी कात, हाडे दिसू लागलेली शेपटी, याही खुणा लक्षात ठेवाव्यात.

शेतकरी बंधूंनी विशेष जपावयाची गोष्ट निराळीच आहे. मुले कपाशीवरील अळ्या व किडे आणून पिलापुढे टाकतात. कीटकनाशक फवारलेल्या पिकातील किडा मरणोन्मुख असल्याने सहज हाती लागतो, आणि तोच खाद्य म्हणून दिला जातो. त्यानंतर पिलास कंप सुटला, तोल जाऊ लागला किंवा तोंडातून लाळ आली तर विषबाधेचा संशय घ्यावा. पिलाचे अंग लहान असल्याने त्याच्यापाशी साठा कसला तो नसतो. मोठा सरडगुहिरा जे सोसेल ते त्याला सोसणार नाही. ‘उद्या पाहू’ म्हणणे येथे चालत नाही.

मदत मिळेपर्यंत पिलू हवेशीर टोपलीत फांदी उभी करून त्यावर ठेवावे. पानांवर बारीक पाणी शिंपडावे. तोंड उघडून पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जाते. दूध, भात, माणसांची औषधे देऊ नयेत. वारंवार हाताळू नये. सकाळचे ऊन द्यावे, पण टोपलीचा अर्धा भाग सावलीत राहील असे पाहावे. वन विभागास १९२६ या क्रमांकावर कळवावे व पिलू त्यांच्या स्वाधीन करावे. उपचार त्यांच्यामार्फत पशुवैद्यांकडून व्हावेत. परभणी येथे १९७२ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे.

पिलू तरतरीत असेल, डोळे फिरत असतील व पकड घट्ट असेल तर त्यास घरी ठेवण्याचे काहीच कारण नाही. ज्या कुंपणावरून आणले त्याच कुंपणावर, ऊन वर आल्यावर परंतु दुपार होण्यापूर्वी, ते सोडावे. फवारणी चालू असलेल्या शेताची बाजू टाळावी. हात फांदीला लावून धरावा आणि चारही पायांनी पिलाने फांदी पकडल्यावरच तो काढून घ्यावा.