रेल्वे दौंडला, भार नगर रोडला

पुण्याहून अहिल्यानगरला रेल्वेने जायचे तर आधी दौंड गाठावे लागते. 1858 साली जीआयपी रेल्वे पुण्याहून दिक्सळपर्यंत गेली, ती दौंडवरून. 1878 मध्ये दौंड–मनमाड मार्ग सुरू झाला आणि दौंडचे जंक्शन झाले. गाडी पूर्वेला जाते आणि मग उत्तरेला वळते. या काटकोनाच्या कर्णावर शिरूर आहे आणि तिथे रेल्वे अजून आलेली नाही. पुणे–अहिल्यानगर रस्त्याची, म्हणजे नगर रोडची, पुढची सगळी कहाणी, माझ्या मते, एवढ्यात आहे. जे ओझे रुळांनी वाहायचे, ते डांबराच्या वाट्याला आले.

वाट मात्र रेल्वेपेक्षा जुनी. शिरूरला, म्हणजे जुन्या लोकांच्या घोडनदीला, कंपनी सरकारची छावणी होती. 31 डिसेंबर 1817 च्या रात्री पुण्याकडे निघालेली तिथली तुकडी दुसऱ्या दिवशी सकाळी भीमाकाठी कोरेगावला पोचली आणि तिथे पेशव्यांच्या फौजेशी तिची गाठ पडली. छावणी गेली, बाजारपेठ राहिली, वाट पक्की झाली. मधला बराच काळ हा एक साधा दुपदरी रस्ता होता. एसटी, कांद्याचे ट्रक, रांजणगावच्या गणपतीला निघालेल्या जीपा, एवढाच त्याचा व्याप.

रांजणगावला एमआयडीसी आली आणि चित्र पालटले. फ्रीज, टीव्ही, मोटारी इथे बनू लागल्या आणि त्यातला नग न नग ट्रकनेच बाहेर पडू लागला. सरकारी तिजोरीत चौपदरीकरणाला पैसा नव्हता, म्हणून ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ हा मार्ग निघाला. पुण्याच्या वेशीपासून शिरूरपर्यंतचा सुमारे 54 किलोमीटरचा राज्यमार्ग खाजगीकरणातून रुंद झाला आणि पेरणे फाट्याला टोलनाका उभा राहिला. पुढे या रस्त्याला राष्ट्रीय महामार्ग 753 एफ असा क्रमांकही मिळाला. क्रमांकाने रस्ता मोठा होत नाही, ही गोष्ट वेगळी.

खरी मेख गावांत आहे. लोणीकंद, कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर ही गावे न टाळता रस्ता त्यांच्या पोटातूनच रुंद केला गेला. शिक्रापूरच्या चाकण चौकात पाळी सुटायच्या वेळी दहा मिनिटे उभे राहावे. तळेगाव–चाकणकडून आलेले कंटेनर वळायला जागा शोधत असतात. कंपन्यांच्या बस हॉर्नवर हात ठेवून मागे खोळंबलेल्या असतात. जवळपास कुणीतरी दुभाजकाचे दोन दगड काढून केलेल्या फटीतून दुचाकीवाले उलट्या बाजूने घुसतात. साइडपट्टीवर फळांच्या हातगाड्या लागलेल्या असतात. चार पदरांपैकी धावायला उरतात दोनच.

दौंड तालुक्यातल्या सोलापूर रोडचे नशीब निराळे. तो आधीपासूनच राष्ट्रीय महामार्ग, पूर्वीचा 9, आताचा 65; शिवाय साथीला रेल्वे. पुण्याकडून कासुर्डीपर्यंतचा टप्पा खाजगी कंपनीने रुंद केला आणि 2003 ते 2019 टोल घेतला. यवतपासून इंदापूरकडच्या चौपदरीकरणाचा करार 2009 चा. पाटसचा टोलनाका त्यातलाच. कोंडी तिथेही होते, पण नगर रोडसारखी रोजची नाही.

या दोन मोठ्या रस्त्यांना आडवा जोडतो तो न्हावरा–चौफुला रस्ता. पारगावला भीमा ओलांडली की शिरूर तालुका संपतो, दौंड लागतो. चौफुला म्हटले की लोकांना लावणीची कला केंद्रे आठवतात. रस्त्याला मात्र ऊस माहीत. न्हावऱ्याचा घोडगंगा आणि पाटसचा भीमा हे दोन्ही सहकारी कारखाने याच पट्ट्यातले. हंगामात दोन्हींची धुराडी दर वर्षी पेटलीच असे नाही. पण कारखाना बंद म्हणून ऊस शेतात राहत नाही, तो लांबच्या कारखान्याला जातो. मग ट्रॅक्टरमागच्या दोन-दोन ट्रॉल्या, मागे लाल दिवा नाही, वर मात्र स्पीकर दणाणतोय, अशा रात्रभर चालतात. खचलेल्या साइडपट्टीचे एक कारण हेच.

वर्षातून एकदा या आडव्या रस्त्याची किंमत सगळ्यांना कळते. 1 जानेवारीला कोरेगावच्या त्या लढाईच्या, पेरण्याच्या विजयस्तंभाला अभिवादन करायला लाखोंचा समुदाय येतो. तेव्हा पोलीस नगरची वाहने खराडीवरून सोलापूर रोडला काढतात. तिथून ती चौफुला, न्हावरा करत शिरूरला पोचतात. बराच वळसा पडतो, तरी वाहतूक चालू राहते. जो रस्ता दर वर्षी आणीबाणीला हुकमी चालतो, त्याच्याकडे एरवी मुख्य मार्ग म्हणून पाहिले जात नाही, याचे मला नवल वाटते.

आता उपाय निघाला आहे तो वरून जाण्याचा. पुणे ते शिरूर सुमारे 54 किलोमीटरचा सहापदरी उन्नत मार्ग, खर्च साडेसात हजार कोटींच्या घरात, वसुली पुन्हा टोलनेच. नगर, संभाजीनगरला थेट जाणाऱ्यांची त्यामुळे सोय होईल. पण सणसवाडीच्या कंपनीत शिक्रापुराहून जाणारा कामगार वर चढणार नाही आणि उसाची ट्रॉलीही खालूनच जाणार. त्यामुळे खांब रोवण्याआधी चाकण चौकातल्या वळणांचा आणि सेवा रस्त्यांचा नकाशा गावकऱ्यांपुढे मांडायला हवा. खांब उभे राहिले की खाली जागा वाढवता येत नाही.