शाळेची परसबाग : हिवाळ्यातील कामे व आखणी

भिवंडी तालुक्यात पावसाळ्यात पाण्याची वाण नसते. परंतु ऑक्टोबरात पाऊस ओसरला की जमिनीतील ओल उतरू लागते आणि फेब्रुवारी-मार्चपासून कित्येक गावांच्या विहिरी तळ गाठतात. यास्तव शाळेच्या परसबागेची आखणी करताना बियाण्यांच्या यादीआधी पाण्याचा हिशेब मांडावा.

हिवाळ्यात पालेभाजीच्या १ चौरस मीटर वाफ्यास दररोज सुमारे ४ लिटर पाणी लागते. मध्यान्ह भोजनानंतर ताटे विसळताना ४० मुलांनी प्रत्येकी अर्धा लिटर पाणी वापरले, तर २० लिटर होते. उष्टे गाळून ते वाफ्यांत सोडल्यास ५ चौरस मीटर भाजी पोसते. हा हिशेब मुलांकडूनच करवावा. चौथीच्या गणितास याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल. साबणाचे पाणी मात्र केळीच्या बुंध्याशी न्यावे.

खरी अडचण दिवाळीच्या सुट्टीची. वांगी व टोमॅटो यांची रोपे तयार होण्यास ४ ते ५ आठवडे लागतात आणि त्याच नाजूक काळात शाळा बंद असते. तेव्हा बी जुन्या डब्यांत वा फुटक्या मडक्यांत टाकावे व सुट्टीत ते डबे गावातील मुलांच्या घरी ठेवावेत. शाळा उघडताच सायंकाळी ६० सेंटिमीटर अंतराने लावणी करावी व बुंध्याशी भाताचा पेंढा पसरावा. मेथी महिन्याभरात व मुळा दीड महिन्यात निघतो. दोन्हींची पेरणी पंधरा-पंधरा दिवसांनी थोडीथोडी करावी, म्हणजे खिचडीत दर आठवड्यास काही पडेल. पाण्यापासून दूरच्या कडेस वाल टोचावा. भातकापणीनंतर शेतात उरलेल्या ओलीवर येणारे हे पीक असल्याने त्यास फारसे पाणी लागत नाही.

दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामास जातात. मुलेही सोबत जातात. वाफा एकाच मुलाच्या नावे असेल, तर तो ओस पडतो. म्हणून प्रत्येक वाफा चौघांच्या गटाकडे सोपवावा. भट्टीवर आलेले मूल शाळेत दाखल झाले, तर त्यास पहिल्याच दिवशी अशा गटात घेऊन हाती झारी द्यावी. वाचनात मागे पडलेले मूल येथे बरोबरीने उभे राहते.

मार्चमध्ये वालाच्या दोन निरोगी वेलांवरील शेंगा न तोडता वाळू द्याव्यात, बी राखेत मिसळून बाटलीत भरावे व बाटलीवर तारीख आणि वाफ्याचा क्रमांक लिहावा.