छायाचित्रांची जुळणी

वडगावहून लोणावळ्याकडे निघालेली लोकल कान्हे आणि कामशेत मागे टाकून मळवलीस येते. कार्ल्याची आणि भाज्याची लेणी पाहणारी मंडळी येथे उतरतात. या मळवलीच्या परिसरात एके काळी राजा रविवर्मा यांचा छापखाना होता, ही गोष्ट मात्र त्यांतील थोड्यांनाच ठाऊक असते. १८९४ साली मुंबईत निघालेला हा छापखाना १८९९ साली येथे आला आणि पुढे फ्रिट्झ श्लाइशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. आपल्या आजोबा-पणजोबांच्या देवघरांत ज्या लक्ष्मी-सरस्वती जाऊन बसल्या, त्यांतील कित्येक येथूनच छापून गेल्या. १९७२ साली हा छापखाना आगीत नष्ट झाला.

आमचा आजचा विषय संगणकावर छायाचित्रे जोडण्याचा व त्यांचा आकार बदलण्याचा आहे. त्यासाठी आम्ही शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या दगडी छापखान्यापासून आरंभ करावा, याचे कोणास नवल वाटेल. परंतु मळवलीचा दगड ज्यास समजला, त्यास संगणकावरील चित्रसंपादन निम्मे समजले, असे आमचे म्हणणे आहे.

शिळाछपाईत चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने चित्र काढतात. दगड ओला केला की कोऱ्या भागावर पाणी राहते; वरून छपाईची शाई फिरवली की ती पाण्यास टाळते आणि चित्रावरच बसते. पण एका दगडाने एकच रंग उमटतो. म्हणून रंगीत चित्रासाठी प्रत्येक रंगाचा निराळा दगड तयार करावा लागे. लक्ष्मीच्या शालूचा तांबडा एका दगडावर, कमळाच्या पानांचा हिरवा दुसऱ्यावर, कांतीची छटा तिसऱ्यावर. तोच कागद क्रमाने या सर्व दगडांवरून जाई, आणि रंग एकमेकांवर नेमके बसावेत म्हणून कडेला खुणा केलेल्या असत. खूण केसभर चुकली की देवीचा ओठ गालावर सरके.

चित्राचे थर वेगळे करावयाचे, प्रत्येक थरावर स्वतंत्र काम करावयाचे आणि शेवटी ते एकावर एक बसवावयाचे, ही जी युक्ती, तीच संगणकावरील जुळणीचा पाया आहे. थॉमस आणि जॉन नोल या अमेरिकन भावांनी १९८७ च्या सुमारास सुरू केलेला फोटोशॉप हा कार्यक्रम १९९० साली ॲडोबी कंपनीने बाजारात आणला, आणि त्यात थरांची सोय १९९४ साली आली. ‘गिंप’ नावाचा असाच एक कार्यक्रम कोणासही विनामूल्य मिळतो. आता तर यातील पुष्कळशी कामे खिशातला मोबाइलही करतो.

आता दगडाच्या जागी काय आले ते पाहू. संगणकाच्या दृष्टीने छायाचित्र म्हणजे ठिपक्यांचा चौकोनी तक्ता होय. ४,००० ठिपके रुंद आणि ३,००० ठिपके उंच अशा चित्रात एक कोटी वीस लक्ष ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्यासाठी सामान्यतः तीन आकडे लिहून ठेवतात. तांबड्याचा एक, हिरव्याचा एक, निळ्याचा एक, आणि प्रत्येक आकडा ० ते २५५ यांच्या दरम्यानचा. एवढ्या भांडवलावर १ कोटी ६७ लक्षांहून अधिक रंगछटा दाखवता येतात. चित्र एकदा आकड्यांत उतरले की त्यावरची प्रत्येक क्रिया म्हणजे अंकगणित. उजेड वाढवणे म्हणजे आकडे वाढवणे. एक थर दुसऱ्यावर अर्धपारदर्शक ठेवणे म्हणजे सरासरी काढणे. समजा, खालच्या थरातील ठिपका १०० आहे, वरच्याचा २०० आहे आणि वरचा थर साठ टक्के गडद ठेवला आहे. तर २०० चे साठ टक्के १२०, १०० चे उरलेले चाळीस टक्के ४०; दोहोंची बेरीज १६०. डोळ्यांस जी धूसर मिसळण दिसते, ती एवढीच.

एका फोटोतील माणूस दुसऱ्या फोटोत आणावयाचा असेल तर वरच्या थरास ‘मास्क’ लावतात. मास्क म्हणजे अडसर. जेथे तो पांढरा असेल तेथे वरचा थर दिसतो, काळा असेल तेथे खालचा, आणि करडा असेल तेथे दोन्ही मिसळून. गृहिणी उंबरठ्यावर रांगोळीचा छाप ठेवते, भोके असतील तेथूनच रांगोळी खाली पडते. मास्कचे काम तसेच चालते. यातली खरी मेहनत कडांची असते. केसांच्या बटा आणि साडीचा झिरझिरीत पदर येथे करड्या रंगाचा अडसर नीट साधला नाही, तर माणूस कात्रीने कापून चिकटवल्यासारखा दिसतो.

आकार बदलण्याची गोष्ट याहून नाजूक आहे. समजा, एका समूहचित्रात कोणाचा चेहरा शंभर ठिपके रुंद आहे, आणि भिंतीवर लावण्यासाठी तो चारशे ठिपके रुंद करावयाचा आहे. रुंदी चौपट झाली, उंचीही चौपट झाली, म्हणजे जेथे एक ठिपका होता तेथे सोळा हवेत. उरलेले पंधरा आणावयाचे कोठून? संगणक ते शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाजाने भरतो. मोठा केलेला तो चेहरा सोळापैकी पंधरा हिस्से अंदाज असतो, आणि आपण त्यापुढे उदबत्ती लावतो.

हे आम्ही उगाच म्हणत नाही. आमच्या माहितीतील एका घरी आजी वारल्या. त्यांचा स्वतंत्र फोटो कधी काढलेलाच नव्हता. एका लग्नातील समूहचित्रात मागच्या रांगेत त्या उभ्या होत्या, तेवढाच. मुलांनी तो फोटो एका स्टुडिओत नेऊन दिला. आठ दिवसांनी चौकटीत बसवलेली सुंदर तसबीर आली. अंगावर भरजरी शालू, नाकात नथ, मागे निळे आकाश. घरची मंडळी संतुष्ट झाली. वर्षश्राद्धास आजींच्या धाकट्या बहीण आल्या. तसबिरीसमोर बराच वेळ उभ्या राहून त्यांनी विचारले, “ही कोण रे?” मुले म्हणाली, “मावशी, आई आहे ना.” त्या म्हणाल्या, “अक्काच्या कपाळावर गोंदण होतं. ते कुठं गेलं?” कारागिराने ते डाग समजून पुसले होते. मूळ फोटो काढून पाहावा, तर तो स्टुडिओतच कोठेतरी गहाळ झालेला. आता त्या घरातील नातवंडांस आजी म्हणून जो चेहरा ठाऊक राहील, त्यावर ते गोंदण नसेल.

येथे फसवण्याचा हेतू कोणाचाच नव्हता. कारागिराने आपल्या परीने काम चांगलेच केले होते. मग चुकले कोठे? आमच्या मते दोन ठिकाणी चुकले. मूळ प्रत राखली गेली नाही, आणि काय बदलले ते कोणी कोणास सांगितले नाही.

जोडचित्र मुळातच पाप आहे, असे म्हणणारे लोक आहेत. आम्ही त्यांतले नाही. ऑस्कर रेयलँडर याने १८५७ साली तिसाहून अधिक निगेटिव्हांची जुळणी करून एक भव्य देखावा छापला होता. तेव्हा छायाचित्रणास जाहीर होऊन अवघी अठरा वर्षे झाली होती. आपल्याकडचे उदाहरण तर आमच्या मावळाशीच निगडित आहे. दादासाहेब फाळके यांनी चित्रपटाकडे वळण्यापूर्वी रविवर्म्यांच्या छापखान्यासाठी फोटोलिथोचे काम केले होते आणि लोणावळ्यात स्वतःचा छपाईचा कारखानाही काढला होता. एकावर एक थर बसवण्याची ही विद्या हातात मुरलेल्या माणसाने पुढे एकाच फितीवर दोनदा चित्रण करून पडद्यावर चमत्कार घडवले, यात आश्चर्य नाही. १९१७ च्या ‘लंकादहना’त राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाने केल्या. १९१९ च्या ‘कालियामर्दना’त बाळकृष्ण झाली होती फाळक्यांची कन्या मंदाकिनी. या चित्रपटाच्या आरंभी प्रेक्षकांस आधी त्या मुलीचा स्वतःचा चेहरा आणि त्यावरचे निरनिराळे भाव दाखवले आहेत, आणि मग ती कृष्णाच्या वेषात दिसते. मुलगी आमची आहे, कृष्ण आम्ही बनवला आहे, हे तेथे उघड आहे. तरीही प्रेक्षकांच्या भक्तीस बाधा आली नाही. जुळणीस कबुलीची जोड दिली की कलाही राहते आणि सचोटीही राहते.

उलट उदाहरणही सांगतो. १९८२ च्या फेब्रुवारीत ‘नॅशनल जिऑग्राफिक’ या प्रतिष्ठित अमेरिकन मासिकाने मुखपृष्ठाच्या उभ्या चौकटीत मावावेत म्हणून गिझाचे पिरॅमिड संगणकाच्या साहाय्याने एकमेकांजवळ सरकवले. कोणाचे नुकसान झाले नाही, तरी मोठी टीका झाली. वाचकांनी ते चित्र वृत्तांत म्हणून घेतले होते. तेच पिरॅमिड एखाद्या नाटकाच्या पडद्यावर जवळजवळ रंगवले असते, तर कोणी ब्र काढला नसता. चित्र कोणत्या वचनाने आपल्या हाती दिले आहे, यावर त्याचे खरेखोटेपण ठरते.

आता वडगावचेच पाहा. १७७९ च्या जानेवारीत येथे महादजी शिंद्यांनी इंग्रजांस शरण आणले आणि वडगावचा करार झाला. छायाचित्रणाची कला जगापुढे आली १८३९ साली, म्हणजे त्यानंतर साठ वर्षांनी. तेव्हा महादजींचा ‘अस्सल फोटो’ म्हणून मोबाइलवर कोणी काही पाठवले, तर ते काय आहे हे सांगण्यास तज्ज्ञ नको, सनावळ्या पुरेत. हे सांगावे लागते, कारण आता दोन फोटो जोडण्याचीही गरज उरलेली नाही. २०२३ पासून खुद्द फोटोशॉपमध्येच शब्दांत वर्णन लिहिले की चित्राचा हवा तो भाग यंत्र नव्याने रचून देते. पूर्वी आम्ही सांगत असू की सावल्या एकाच दिशेस पडतात का ते पाहा, कडा तपासा, गर्दीत तोच चेहरा दोनदा आला आहे का ते शोधा. या खुणा अजूनही उपयोगी आहेत. पण त्या नाहीत म्हणून चित्र खरे, असा निष्कर्ष आता काढता येत नाही. चित्र आले कोठून आणि मूळ प्रत कोणाजवळ आहे, हे विचारणे हाच अधिक भरवशाचा उपाय होय.

या विद्येचा काळा भाग सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. झटपट कर्ज देणाऱ्या काही मोबाइल ॲपच्या वसुलीवाल्यांनी कर्जदारांचे फोटो विद्रूप करून ते नातेवाइकांस पाठवण्याच्या धमक्या दिल्या, अशा तक्रारी गेल्या काही वर्षांत देशभर झाल्या. स्त्रियांचे चेहरे भलत्याच चित्रांवर चिकटवण्याचे प्रकारही घडतात. अशा वेळी घरच्यांनी त्या मुलीसच जाब विचारणे हा तिच्यावर दुसरा अन्याय होय. चित्र आणि त्यासोबतचा मजकूर पुसू नये. पुरावा म्हणून ठेवावा आणि पोलिसांकडे किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार संकेतस्थळावर तक्रार करावी. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालापासून आहे.

शेवटी व्यवहारातील तीन गोष्टी सुचवतो. पहिली अशी की मूळ फोटोस हात लावू नये; त्याची प्रत काढावी आणि काम प्रतीवर करावे. दुसरी, जुना कागदी फोटो स्टुडिओत देण्यापूर्वी तो घरीच मोबाइलने टिपून ठेवावा, आणि काम झाल्यावर मूळ परत मागून घ्यावा. तिसरी, जोडलेल्या चित्राच्या मागे दोन ओळी लिहाव्यात: चेहरा अमुक फोटोतून घेतला, वस्त्रे आणि पार्श्वभूमी नंतरची. वारलेल्या वडिलांस मुलीच्या लग्नाच्या फोटोत उभे करावेसे वाटणे यात गैर काही नाही. ती माया आहे. पण पन्नास वर्षांनी ते चित्र ज्याच्या हाती पडेल, त्यास वडील त्या मांडवात होते असे वाटू नये, एवढी काळजी आपण घ्यावी.

त्या घरी पुढे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. धाकट्या बहिणीस समोर बसवून मुलांनी गोंदण कसे होते ते विचारून घेतले. एका नातीने संगणकावर नवा थर घेऊन त्यावर ते ठिपके काढले आणि तसबीर पुन्हा छापून आणली. मागे तिने लिहिले आहे : “गोंदण मावशीआजीच्या आठवणीवरून.” आमच्या मते त्या तसबिरीत सर्वांत विश्वासार्ह असे जर काही असेल, तर ती ही ओळ होय.