तेलुगू शाळा, घरात मराठी पुस्तक

तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या तलमडुगुसारख्या सीमाभागात घरी मराठी बोलणारी अनेक मुलं शाळेत तेलुगू शिकतात. १९५६ सालच्या राज्य पुनर्रचनेत किनवट, राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले, आदिलाबाद आंध्र प्रदेशात. घरातली भाषा मात्र टिकली. मराठीही वाचायला लावलं तर मूल गोंधळेल, ही पालकांची भीती अनाठायी आहे. एका भाषेत कमावलेलं वाचनकौशल्य दुसरीतही कामी येतं, असं कॅनडातले संशोधक जिम कमिन्स यांनी १९७९ साली मांडलं. इथे तर दोन्ही लिप्या ब्राह्मीतून आलेल्या. अक्षराला स्वरचिन्ह जोडायची रीत एकच.

अडतं ते बारीकसारीक ठिकाणी. तेलुगूत वेलांटी अक्षराच्या डोक्यावर बसते; देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी दिसते, उच्चारात मात्र नंतर येते. 'घर' वाचताना मूल शेवटचा 'अ' पूर्ण उच्चारेल, कारण तेलुगूत तो गिळत नाहीत. लगेच टोकू नका. शब्द रोजच्या कानावरचा असल्यानं ते स्वतःच सुधारतं.

जवळ घेऊन रोज थोडं वाचा, चित्रावर बोट ठेवून 'आता काय होईल?' असं विचारा. उत्तर तेलुगूत आलं तरी चालेल. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१पासूनचे जुने अंक इंटरनेटवर मोफत आहेत, आणि 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठी-तेलुगू दोन्हींत गोष्टी मिळतात.