पंखा भंगारात देण्यापूर्वी

मंडळी, बटण दाबलं की छताचा पंखा नुसता गुणगुणतो, फिरत नाही. घरात लगेच निकाल लागतो, ‘मोटार जळली, नवा आणा!’ थांबा. मेन स्विच बंद करून पाती हातानं फिरवा. सहज फिरली, तर दोष बहुधा कपॅसिटरचा. साध्या पंख्याच्या मोटारीत तारांची दोन वेटोळी असतात. कपॅसिटरमुळे एकातला प्रवाह दुसऱ्याच्या किंचित आधी चढतो. त्या फरकातूनच सुरुवातीचा रेटा मिळतो. कपॅसिटर जुना झाला की हा रेटा कमी पडतो. त्यावर छापलेला आकडा, बहुतेकदा २.५ मायक्रोफॅरड, पाहून तेवढ्याचाच नवा घ्या. शंभर रुपयांच्या आत मिळतो. जुन्यात वीज साठलेली असू शकते, म्हणून बदलायला वायरमनच बोलवा. भंगारात निघालेला पंखा आणखी कितीतरी उन्हाळे वारा देईल!