कन्सोल गरम होतोय? आधी शोकेसची काच उघडा

तीन वर्षांपूर्वीचा मे महिना. मी पुण्याहून सुट्टीला जळगावला घरी आलो होतो आणि सोबत माझा गेमिंग कन्सोल आणला होता. सेकंड हॅन्डच होता, पण पहिल्या नोकरीच्या पगारातून पैसे साठवून घेतलेला, त्यामुळे जिवापाड जपलेला. आईने तो हॉलमधल्या शोकेसमध्ये, टीव्हीखालच्या कप्प्यात ठेवला आणि धूळ बसू नये म्हणून समोरची काच लावून घेतली. मलाही ते बरंच वाटलं.

दुपारी मी आणि माझा चुलतभाऊ खेळायला बसलो. अर्ध्या तासात कन्सोलचा फॅन मिक्सरसारखा ओरडायला लागला. मग स्क्रीनवर ‘कन्सोल खूप गरम झाला आहे’ असा मेसेज आला आणि सगळं बंद. भाऊ म्हणाला, “दादा, चालू कर ना परत, मॅच अर्धीच राहिली.” मी लगेच बटण दाबलं. त्या आठवड्यात असं चार-पाच वेळा झालं. शेवटी एकदा कन्सोल चालू तर झाला, पण टीव्हीवर चित्रच आलं नाही. नंतरही कधी आलं नाही.

दुरुस्तीवाल्याने तो उघडून दाखवला तेव्हा आत जुन्या उशीतल्या कापसासारखा धुळीचा थर होता. चिप गेली होती आणि दुरुस्तीचा खर्च ऐकून मी कन्सोल तसाच पिशवीत घालून परत आणला. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी उष्णतेची गणितं सोडवून मी पास झालो होतो, पण घरातल्या काचेमागे तेच गणित चालू आहे हे काही डोक्यात आलं नाही. तुमच्या बाबतीत असं होऊ नये म्हणून हा लेख.

गरम होणं हा बिघाड नाही

पहिली गोष्ट, कन्सोल गरम होणारच. पीएस ५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्सवर मोठा गेम चालू असताना साधारण २०० वॅट वीज लागते. म्हणजे पाच तास खेळलात की एक युनिट. आणि ही जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता बनूनच बाहेर पडते.

तुलनेसाठी, फोनवर जड गेम खेळताना फोन जेमतेम पाच-सहा वॅट घेतो. तेवढी उष्णता फोनच्या पाठीतून आणि तुमच्या हातातून निघून जाते, म्हणून बहुतेक फोनमध्ये फॅन नसतो. २०० वॅटला हे शक्य नाही. म्हणून कन्सोलमध्ये चिपवर धातूच्या पातळ पट्ट्यांचा हीटसिंक बसवलेला असतो आणि मोठा फॅन त्या पट्ट्यांमधून हवा ढकलतो. पीएस ५च्या पहिल्या मॉडेलमधला फॅन १२० मिलिमीटर व्यासाचा आणि ४५ मिलिमीटर जाड आहे. एक्सबॉक्स सिरीज एक्समध्ये १३० मिलिमीटरचा फॅन थेट वरच्या जाळीखाली बसवलाय.

म्हणजे मागच्या जाळीतून गरम हवा येत असेल तर घाबरू नका. उष्णता बाहेर पडतेय, कन्सोल त्याचं काम करतोय. फॅन जोरात फिरतोय पण बाहेर हवा येतच नाहीये, तेव्हा खरी काळजी करायची.

दर दोन सेकंदाला एक बादली हवा

आता शोकेसचं गणित बघू. आत जाणाऱ्या हवेपेक्षा बाहेर येणारी हवा १५ अंशांनी गरम आहे असं धरलं, तर २०० वॅट उष्णता वाहून न्यायला दर सेकंदाला साधारण १२ लिटर हवा लागते. म्हणजे दोन सेकंदाच्या आत आंघोळीची एक बादली भरेल एवढी हवा. सतत, गेम संपेपर्यंत.

शोकेसच्या बंद कप्प्यात किती हवा असते? ६० बाय ४० बाय ४० सेंटीमीटरचा कप्पा धरा. ९६ लिटर. म्हणजे आठ सेकंदांत कप्प्यातली सगळी हवा कन्सोलमधून एकदा फिरून झाली. त्यानंतर कन्सोल स्वतःच सोडलेली गरम हवा परत आत ओढतो. ती आणखी गरम होऊन बाहेर येते आणि पुन्हा आत जाते. लाकूड आणि काच थोडी उष्णता शोषतात, फटींमधून थोडी निसटते, म्हणून अर्धा तास निभावतं. आमचाही बरोबर अर्धा तासच निभावला होता.

आईची धुळीची काळजी चुकीची नव्हती. चूक माझी होती, मी खेळतानाही काच बंदच ठेवली.

३५ अंशांची रेषा

कन्सोलचा फॅन एसी नाही. तो हवा थंड करत नाही, खोलीतली हवाच आत फिरवतो. त्यामुळे खोली २५ अंशांवरून ३५ अंशांवर गेली की आतली चिपसुद्धा साधारण तेवढीच जास्त तापते. म्हणूनच सोनीने पीएस ५साठी वापराचं तापमान ५ ते ३५ अंश सेल्सिअस असं दिलंय. निन्टेन्डो स्विचचीही मर्यादा तीच. २०२२च्या उन्हाळ्यात जपानमध्ये उष्णतेची लाट आली, तेव्हा निन्टेन्डोने लोकांना ५ ते ३५ अंशांतच स्विच वापरा अशी जाहीर आठवण करून दिली होती.

आता आपल्याकडचा मे महिना आठवा. जळगाव, अकोला, नागपूर, चंद्रपूर इथे बाहेर ४३-४४ अंश असतात आणि दुपारी स्लॅबखालची खोली सहज ३५च्या वर जाते. त्यात दार लावून चार मित्र खेळायला बसले, तर प्रत्येक माणूस साधारण १०० वॅट उष्णता सोडतो, म्हणजे खोलीत आणखी दोन कन्सोल चालू असल्यासारखंच. अशा दुपारी नवाकोरा, स्वच्छ कन्सोलही कंपनीने आखलेल्या रेषेच्या पलीकडे चालत असतो. उन्हाळ्यात जड गेम सकाळी किंवा रात्री खेळा, इतका साधा उपाय आहे.

फोन हळू होतो, कन्सोल ओरडतो

फोनवर गेम खेळणाऱ्यांना एक सवय असते. फोन तापला की गेम अडखळायला लागतो आणि आपल्याला कळतं. चिप स्वतःचा वेग कमी करते म्हणून तसं होतं. कन्सोलवर या इशाऱ्याची वाट बघू नका. सगळ्यांच्या घरी गेम सारखाच चालावा अशी कन्सोलची रचना असते. २०२० मध्ये पीएस ५ची माहिती देताना त्याचे मुख्य आर्किटेक्ट मार्क सर्नी यांनीच सांगितलं होतं की चिपचा वेग खोलीच्या तापमानावर ठरत नाही. त्यामुळे गेम शेवटपर्यंत मस्त चालतो, फॅनचा आवाज मात्र चढत जातो. मग मेसेज येतो आणि कन्सोल बंद होतो.

म्हणून फॅनचा आवाज ओळखीचा असू द्या. आज, कन्सोल ठीक असताना, एखादा गेम वीस मिनिटं चालवून फोनवर एक मिनिट आवाज रेकॉर्ड करून ठेवा. सहा महिन्यांनी तोच गेम, तेवढाच वेळ, फोन त्याच जागी ठेवून परत रेकॉर्ड करा. आवाज स्पष्ट वाढला असेल तर साफसफाईची वेळ झाली. मात्र काही गेममध्ये साध्या मेनूच्या किंवा नकाशाच्या स्क्रीनवरही फॅन वाढतो, म्हणून तुलना नेहमी एकाच गेमच्या एकाच ठिकाणी करा.

तीन लाल दिवे

“बंद होतो, परत चालू करतो, त्यात काय?” असं मलाही वाटायचं. इथे एक्सबॉक्स ३६०ची गोष्ट माहीत असायला हवी. २००५ मध्ये आलेल्या या कन्सोलच्या बटणाभोवती तीन लाल दिवे लागायचे आणि तो कायमचा बंद पडायचा. इतके कन्सोल परत यायला लागले की जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने या बिघाडाची वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवली आणि त्यासाठी १ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली.

नंतर एक्सबॉक्सच्या इंजिनीअरांनीच कारण सांगितलं. ग्राफिक्स चिपच्या आतले बारीक जोड तुटत होते. कन्सोल चालू केला की ते तापून प्रसरण पावायचे, बंद केला की आकुंचन पावायचे. एखादी तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसंच. लोक तेव्हा कन्सोल टॉवेलमध्ये गुंडाळून मुद्दाम तापवायचे. मग काहींचा थोडे दिवस चालायचा आणि परत बंद पडायचा.

नवीन कन्सोल यापेक्षा मजबूत आहेत, पण धातूचा स्वभाव बदललेला नाही. तापमान जितकं जास्त वर-खाली होईल, तितका जोडांवर ताण जास्त. म्हणून तो मेसेज आला की मॅच सोडून द्या. कन्सोल बंद करा, काच उघडा, निदान अर्धा तास थांबा आणि कारण सापडल्याशिवाय परत चालू करू नका.

काय करायचं

१. मोकळी जागा द्या. कन्सोलच्या सगळ्या बाजूंनी १० ते १५ सेंटीमीटर, म्हणजे साधारण अर्धी वीत जागा ठेवा. मागे भिंत आणि वायरींचा गुंता नको, वर सेट-टॉप बॉक्स किंवा राउटर नको. कप्प्यातच ठेवावा लागत असेल तर खेळताना काच उघडी ठेवा आणि मागची प्लाय काढता येते का बघा.

२. खाली कडक पृष्ठभाग हवा. गादी, सतरंजी, उशी यांवर ठेवू नका. एक्सबॉक्स सिरीज एक्स उभा ठेवला की खालून हवा घेऊन वर सोडतो, म्हणजे खालची बाजू झाकली की श्वासच बंद. त्याच्या वर क्रोशाचा रुमालही नको.

३. टिश्यूची परीक्षा घ्या. वीस मिनिटं खेळून झाल्यावर हवा बाहेर येते त्या जाळीजवळ टिश्यूची पट्टी धरा. ती ठामपणे फडफडली तर रस्ता मोकळा आहे. फॅन ओरडतोय पण पट्टी नुसतीच लटकतेय, तर आत धूळ अडकली आहे.

४. महिन्यातून एकदा जाळ्या साफ करा. कन्सोल पूर्ण बंद करा, प्लग काढा, गार होऊ द्या. मग मऊ, कोरड्या ब्रशने जाळ्या झाडा. फोनच्या टॉर्चने आत बघा. पीएस ५ची बाजूची झाकणं निघतात आणि आत धूळ साठण्यासाठी खास छिद्रं दिलेली आहेत. तिथली धूळ व्हॅक्युम क्लिनरने, कमी जोरावर, ओढून घ्या.

५. कूलरसमोर ठेवू नका. खानदेश-विदर्भात हा मोह होतोच. कूलरची हवा दमट असते आणि ओलावा मिळाला की धुळीचा चिकट लेप बनतो, जो ब्रशने निघत नाही. कूलर खोली गार करायला चालू द्या, पण झोत कन्सोलवर नको.

६. झुरळांवर लक्ष ठेवा. हसू नका. उबदार, अंधारी, शांत जागा त्यांना आवडते आणि कन्सोलमध्ये तिन्ही गोष्टी मिळतात. कन्सोलशेजारी चिप्सची वाटी ठेवू नका.

काय करायचं नाही

फ्रीजमध्ये ठेवणं, ओलं फडकं किंवा बर्फाची पिशवी ठेवणं हे अजिबात नको. गार झालेल्या धातूवर हवेतली वाफ पाणी बनून साचते आणि ते पाणी सर्किटवर जातं. गाड्या धुण्याच्या ठिकाणचा जोरदार ब्लोअर जाळीत मारू नका, फॅन भलत्या वेगाने फिरून त्याची बेअरिंग खराब होते.

आणि नुसता व्हिडिओ बघून कन्सोल पूर्ण उघडू नका. जुन्या कन्सोलमध्ये चिप आणि हीटसिंकच्या मध्ये थर्मल पेस्ट असते, ती काही वर्षांनी वाळते आणि बदलता येते. पीएस ५मध्ये तिथे पेस्टऐवजी लिक्विड मेटल, म्हणजे द्रव धातू आहे. त्यातून वीज वाहते. एक थेंब चुकीच्या जागी गेला तर शॉर्टसर्किट. वॉरंटी असेल तर सर्व्हिस सेंटर, नसेल तर लिक्विड मेटलचं काम आधी केलेला माणूस शोधा.

कन्सोल नसेल तर हे सगळं तुमच्या फोनलाही थोडंफार लागू आहे. चार्जिंगला लावून, जाड कव्हरसकट, गादीवर ठेवून गेम खेळलात की त्याचीही उष्णता बाहेर जायचा रस्ता तुम्ही बंद करताय. कव्हर काढा, चार्जर काढा, फोन हातात घ्या.

आता माझ्याकडे दुसरा कन्सोल आहे. जळगावला नेतो तेव्हा तो शोकेसच्या बाहेर, उघड्या स्टुलावर असतो. खेळून झालं आणि तो गार झाला की आई त्यावर रुमाल टाकते, खेळायच्या आधी मी तो काढतो. धूळही कमी बसते आणि हवाही मिळते. तुम्ही आज एवढंच करा, कन्सोलच्या मागे हात घालून बघा. भिंत हाताला लागली, तर तो एक वीत पुढे ओढा.